तुर्की नेमकी कुणाची? पाचोडच्या हातगाडीवरून बॉस्फरसकडे बघताना

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. आजचा विषय माझ्या पीएच.डी.च्या अगदी जवळचा, पण तो मला ग्रंथालयात नाही, पाचोडला फळांच्या हातगाडीसमोर सुचला.

2025 चा मे महिना. मी सुट्टीत घरी आले होते. ऑपरेशन सिंदूर होऊन 10 मे रोजी गोळीबार थांबला होता, पण टीव्हीवर दिवसभर तेच चालू होतं. पुण्याच्या मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी तुर्कस्तानची सफरचंदं घ्यायची बंद केली, ही बातमी आमच्याकडे पोचलेली. संध्याकाळी फळं आणायला गेले, तर चाचांच्या गाडीसमोर चार-पाच जण उभे. त्यातला एक पोरगा चाचांना विचारत होता, "तुर्कीचा माल इकायला का?" चाचांनी काही न बोलता पेटी उलटी करून शिक्का दाखवला. माल काश्मीरचा होता. तरी पोरगा म्हणालाच, "तुमची तुर्की पाकिस्तानला ड्रोन देते की!"

"तुमची" हा शब्द चाचांना लागला असावा. ते तीस वर्षं आमच्या घराला फळं देतात. पाचोडच्या पुढे बीड आणि मागे संभाजीनगर सोडलं, तर फारसं कुठं गेलेले नाहीत.

तेवढ्यात शेजारचे एक काका माझ्याकडे वळले. "अगं पोरी, तू त्याच्यावरच शिकायलीस ना? मग सांग बरं, तुर्की नेमकी कुणाची? एकीकडं पाकिस्तानला ड्रोन देते, अन् दुसरीकडं रशिया-युक्रेनला चहा पाजून बोलणी करायला बसवते. हे काय गौडबंगाल आहे?"

मी तेव्हा काहीतरी गोलमोल बोलले आणि अर्धा किलो सफरचंदं घेऊन घरी आले. उत्तर नीट देता आलं नाही याची चुटपुट लागून राहिली. म्हणून हा लेख. काकांसाठी, त्या पोरासाठी, आणि खरं सांगायचं तर चाचांसाठीही.

एकाच आठवड्यातल्या दोन बातम्या

काकांनी बरोबर जागी बोट ठेवलं होतं. तारखाच बघा. 9 मे रोजी आपल्या सरकारने पत्रकार परिषदेत सांगितलं, की पाकिस्तानने सोडलेल्या ड्रोनचे अवशेष प्राथमिक तपासणीत तुर्की बनावटीच्या 'सोंगार' ड्रोनचे दिसतात. 15 मे रोजी चेलेबी या तुर्की मुळाच्या कंपनीची सुरक्षा परवानगी रद्द झाली. मुंबईसह आपल्या अनेक विमानतळांवर सामान चढवण्या-उतरवण्याचं काम ती करत होती. आणि लगेच दुसऱ्या दिवशी, 16 मे रोजी, इस्तंबूलमध्ये रशिया आणि युक्रेनचे प्रतिनिधी तीन वर्षांनंतर पहिल्यांदा समोरासमोर बसले. दोन्ही बाजूंनी हजार-हजार कैदी सोडायचं तिथे ठरलं. टेबल मांडलं होतं तुर्कस्तानने.

म्हणजे एकाच आठवड्यात हा देश एका युद्धात मध्यस्थ होता, आणि दुसऱ्या संघर्षात उघडपणे एका बाजूचा होता. (बातम्यांत तुर्की किंवा तुर्किये म्हणतात; मी जुन्या सवयीने तुर्कस्तान लिहिते.)

माझी एम.एस्सी. भूगोलातली. विज्ञानाच्या वर्गात एक सवय लागते: एकच निरीक्षण बघून निष्कर्ष काढायचा नाही. एक अंदाज बांधायचा, मग तो वेगवेगळ्या प्रसंगांवर तपासायचा, आणि तो जिथे चुकतो ती जागा लपवायची नाही. माझा अंदाज असा आहे:

युद्धात तुर्कस्तान मध्ये उभं राहतं ते दोन्ही बाजूंकडून चटका बसण्याची शक्यता असेल तेव्हा. एकाच बाजूकडून बसणार असेल, किंवा कुणाकडूनच नसेल, तर ते बाजू घेतं.

थोडक्यात, मध्यस्थी हा त्या देशाचा स्वभाव नाही, तो हिशेब आहे. आता हा अंदाज तपासू.

1914: बाजू घेतली आणि साम्राज्य गेलं

सुरुवात त्या देशाच्या सगळ्यात महागड्या चुकीपासून. 2 ऑगस्ट 1914 रोजी उस्मानी साम्राज्याच्या मोजक्या नेत्यांनी जर्मनीशी गुप्त करार केला. ऑक्टोबरच्या शेवटी त्यांच्या नौदलाने काळ्या समुद्रातल्या रशियन बंदरांवर तोफा डागल्या, आणि साम्राज्य पहिल्या महायुद्धात उतरलं.

या निर्णयाची झळ थेट महाराष्ट्राला लागली, हे आपण विसरलो आहोत. इंग्रजांनी उस्मानी इराकमध्ये उतरवलेलं पहिलं मोठं सैन्य होतं 'सहावी पूना डिव्हिजन'. त्यात 103, 110 आणि 117 या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. ही डिव्हिजन बगदादच्या दिशेने पुढे गेली, मार खाऊन मागे आली, आणि टायग्रिस नदीच्या वळणावरच्या कुत-अल-अमारा गावात अडकली. डिसेंबर 1915 ते एप्रिल 1916, जवळपास पाच महिने वेढा चालला. धान्य संपलं. घोडे कापून खायची वेळ आली. आपल्या बऱ्याच शिपायांनी आधी ते मांस तोंडाला लावलं नाही. शेवटी 29 एप्रिल 1916 रोजी सुमारे 13,000 जणांनी उस्मानी सैन्यापुढे शरणागती पत्करली. त्यातले हजारो जण कैदेत आणि वाळवंटातल्या पायपिटीत मेले.

कुतची लढाई तुर्कांनी जिंकली, पण युद्ध हरले. 1920 च्या सेव्हरच्या तहात विजेत्यांनी त्यांच्या देशाचे तुकडे वाटून घेतले. मग मुस्तफा कमाल यांच्या नेतृत्वाखाली पुन्हा लढाई झाली, आणि 24 जुलै 1923 च्या लोझानच्या तहाने आजच्या तुर्कस्तानच्या बहुतेक सीमा ठरल्या.

हा धडा त्या देशाच्या हाडात भिनला: मोठ्यांच्या युद्धात घाईने बाजू घेतली, तर देशच जातो.

1939 ते 1945: सहा वर्षं तारेवर

दुसऱ्या महायुद्धात तुर्कस्तानची गादी इस्मेत इनोनू यांच्याकडे होती. पहिल्या महायुद्धात लढलेला, लोझानला वाटाघाटी केलेला माणूस. त्यांनी काय केलं ते क्रमाने बघा.

ऑक्टोबर 1939 मध्ये ब्रिटन आणि फ्रान्सशी परस्पर मदतीचा करार केला. पुढे जर्मन फौजा ग्रीस आणि बल्गेरियापर्यंत, म्हणजे अगदी दाराशी आल्या. तेव्हा 18 जून 1941 रोजी जर्मनीशीही अनाक्रमण करार केला. चारच दिवसांनी हिटलरने रशियावर हल्ला चढवला. तोफा-रणगाड्यांच्या पोलादाला लागणारं क्रोम तुर्कस्तानात मुबलक. ते इंग्रजांनाही विकलं आणि जर्मनांनाही. डिसेंबर 1943 मध्ये कैरोला चर्चिल आणि रूझवेल्ट यांनी इनोनूंना समोर बसवून युद्धात उतरण्याचा आग्रह केला. इनोनू नाही म्हणाले नाहीत. आधी विमानं द्या, तोफा द्या, मग बघू, असं म्हणत त्यांनी वेळ काढली.

1944 मध्ये जर्मनी हरणार हे दिसू लागलं, म्हणजे एका बाजूचा चटका थंड होत गेला. लगेच धोरण सरकलं. एप्रिलमध्ये जर्मनीचं क्रोम बंद, 2 ऑगस्टला राजनैतिक संबंध बंद, आणि 23 फेब्रुवारी 1945 रोजी जर्मनीविरुद्ध युद्धाची घोषणा! कारण साधं होतं. 1 मार्चच्या आत युद्ध पुकारणाऱ्या देशांनाच संयुक्त राष्ट्रांच्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेचं आमंत्रण मिळणार होतं. गोळी न झाडता तुर्कस्तान विजेत्यांच्या पंगतीत जाऊन बसलं.

हे वाचून वाटेल, काय हुशार लोक! पण इथे थांबावं लागतं. तटस्थता फुकट मिळत नाही, तिचं बिल कुणीतरी भरतंच. लाखोंची फौज सीमेवर उभी ठेवायची तर पैसा लागतो. त्यासाठी नोव्हेंबर 1942 मध्ये संपत्ती कर आला. कागदावर तो सगळ्यांना होता, प्रत्यक्षात ग्रीक, आर्मेनियन आणि ज्यू व्यापाऱ्यांवर कितीतरी पट जास्त बसवला गेला. ज्यांना भरता आला नाही त्यांची दुकानं-घरं लिलावात गेली आणि त्यांना आश्काले इथल्या श्रमछावणीत दगड फोडायला पाठवलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत 'स्ट्रुमा' नावाचं मोडकं जहाज सातशेहून अधिक ज्यू निर्वासित घेऊन इस्तंबूलला अडकलं होतं. इंग्रज त्यांना पॅलेस्टाइनला येऊ देईनात, तुर्कस्तान उतरू देईना. शेवटी जहाज ओढून काळ्या समुद्रात सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी सोव्हिएत पाणबुडीच्या टॉर्पेडोने ते बुडालं. एकच माणूस वाचला.

मध्ये उभं राहण्याची किंमत बहुतेकदा तीच माणसं देतात, ज्यांना देशात आधीच "तुम्ही" म्हटलं जातं. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागेल.

2022: सातशे मीटरची किल्ली

आता थोडा भूगोल. काळ्या समुद्रातून बाहेर पडायला एकच वाट: बॉस्फरस, मग मार्मरा समुद्र, मग दार्दानेल्स. बॉस्फरस सगळ्यात अरुंद जागी जेमतेम 700 मीटर आहे. आपल्या जायकवाडीच्या धरणाची भिंत साधारण 10 किलोमीटर लांब. म्हणजे त्या भिंतीच्या चौदाव्या हिश्शाएवढ्या फटीतून रशिया, युक्रेन, रोमेनिया, बल्गेरिया यांचा समुद्री व्यापार जातो, आणि फटीच्या दोन्ही काठांवर तुर्कस्तान बसलेलं.

या फटीचे नियम 1936 च्या माँट्रो करारात आहेत. व्यापारी जहाजांना मोकळीक. पण युद्ध पेटलं आणि तुर्कस्तान त्यात नसेल, तर लढणाऱ्या देशांच्या युद्धनौकांना बंदी. फक्त आपल्या मूळ तळावर परतणाऱ्या नौकेला सूट.

24 फेब्रुवारी 2022 रोजी रशियाने युक्रेनवर हल्ला केला. तीन-चार दिवसांतच तुर्कस्तानने जाहीर केलं की हे "युद्ध" आहे. रशिया त्याला "विशेष मोहीम" म्हणत होता. शब्दाचा फरक वाटतो, पण त्या एका शब्दाने माँट्रोचं कलम लागू झालं आणि दार बंद झालं. एप्रिलमध्ये रशियाची 'मोस्क्वा' ही मोठी युद्धनौका बुडाली, तेव्हा तिच्या जागी दुसऱ्या समुद्रातून नौका आणणं रशियाला शक्य नव्हतं.

पण त्याच वेळी रशियावर पाश्चात्य देशांनी घातलेल्या निर्बंधांत तुर्कस्तान सामील झालं नाही. रशियाचा गॅस घेत राहिलं. रशियाच्या मदतीने अक्कुयूचा अणुप्रकल्प बांधत राहिलं. आणि युक्रेनला बायरक्तार ड्रोनही विकत राहिलं! संशोधक याला नात्यांचे कप्पे करणं म्हणतात. गॅसचा कप्पा वेगळा, ड्रोनचा वेगळा, धान्याचा वेगळा. एका कप्प्यातलं भांडण दुसऱ्यात सांडू द्यायचं नाही.

धान्याच्या कप्प्यातला करार 22 जुलै 2022 रोजी इस्तंबूलच्या दोल्माबाह्चे राजवाड्यात झाला. गंमत म्हणजे रशिया आणि युक्रेन यांनी एकमेकांशी सही केलीच नाही. दोघांनी वेगवेगळे कागद तुर्कस्तान आणि संयुक्त राष्ट्रांबरोबर सही केले. गावात दोन भाऊबंद बोलत नसले की सरपंच दोघांकडून वेगळे कागद लिहून घेतो, तसंच. त्या वाटेने वर्षभरात जवळपास 3 कोटी 30 लाख टन धान्य आणि इतर शेतमाल बाहेर पडला. 17 जुलै 2023 रोजी रशियाने करार सोडला.

याचा आपल्याशी काय संबंध? घरातलं सूर्यफूल तेल बघा. युद्धाआधी आपण आयात करत होतो त्यातलं बहुतेक सूर्यफूल तेल युक्रेन आणि रशियातून यायचं, आणि ते याच फटीतून. 2022 च्या मार्चमध्ये तेलाचा भाव भडकला, तेव्हा आईने भजी बंद केली होती. तेव्हा मला वाटलं नव्हतं की आपल्या कढईची एक किल्ली इस्तंबूलला आहे.

इथे माझा अंदाज बरोबर उतरतो. रशिया नाराज झाला तर गॅस, पर्यटक, व्यापार जातो. युक्रेन पूर्ण पडला तर काळा समुद्र रशियाचा तलाव होतो, आणि पाश्चात्य मित्रही रागावतात. चटका दोन्हीकडून. म्हणून मध्ये.

हा चटका काही कल्पनेतला नाही. 24 नोव्हेंबर 2015 रोजी तुर्कस्तानने सीरियाच्या सीमेवर रशियाचं लढाऊ विमान पाडलं होतं. रशियाने बदला कुठे घेतला? टोमॅटोवर. 1 जानेवारी 2016 पासून तुर्की टोमॅटो, संत्री, द्राक्षं यांची खरेदी बंद. जून 2016 मध्ये एर्दोआन यांनी पत्र लिहून खेद व्यक्त केला, तरी टोमॅटोची कोंडी फुटायला 2017 चा नोव्हेंबर उजाडला. विमान पाडलं सैन्याने, नुकसान झालं शेतकऱ्याचं. मोसंबीचा भाव पडल्यावर काय होतं ते पाहिलेल्या गावाला हे वेगळं समजवायला नको.

मग आपल्याबाबतीत असं का?

आता काकांच्या प्रश्नाकडे. पाकिस्तानबरोबर तुर्कस्तानची मैत्री जुनी. 1955 च्या बगदाद करारात दोघं एकत्र. 1974 मध्ये तुर्कस्तानने सायप्रसमध्ये सैन्य उतरवलं तेव्हा पाकिस्तान पाठीशी होता. 2018 मध्ये पाकिस्तानने तुर्कस्तानकडे चार युद्धनौकांची मागणी नोंदवली. म्हणजे ते चांगलं गिऱ्हाईकही आहे.

दुसऱ्या पारड्यात भारत. आपला-त्यांचा व्यापार वर्षाला साधारण 10 अब्ज डॉलर किंवा त्याहून कमी, आणि त्यातही आपण त्यांना विकतो जास्त. रशियाशी त्यांचा व्यापार 50 अब्ज डॉलरच्या पुढे. आपला गॅस त्यांच्या घरात जळत नाही, आपली सीमा त्यांना लागत नाही. भारत नाराज झाला तर बसणारा चटका त्यांना सोसण्यासारखा वाटला. म्हणून बाजू घेतली. 2020 मध्ये नागोर्नो-काराबाखच्या 44 दिवसांच्या युद्धात त्यांनी अझरबैजानला उघड साथ दिली, तेव्हाही असंच होतं. आर्मेनिया त्यांचं काही बिघडवू शकत नव्हता.

"पण आपण भूकंपात मदत केली होती!" हे मी त्या आठवड्यात किमान वीस वेळा ऐकलं. खरं आहे. 6 फेब्रुवारी 2023 च्या भूकंपानंतर 'ऑपरेशन दोस्त'मध्ये आपली एनडीआरएफची पथकं गेली, आपल्या लष्कराने इस्केंदेरूनला रुग्णालय उभारलं. ती मदत माणसांना होती आणि ती वाया गेली असं मी म्हणणार नाही. पण परराष्ट्र खात्यांच्या वहीत उपकाराचा रकाना फार बारीक असतो.

आपणही हिशेब केलाच की. आर्मेनियाला 2022 पासून पिनाका रॉकेटं विकली. पंतप्रधान जून 2025 मध्ये सायप्रसला जाऊन आले, तेही शस्त्रसंधीनंतर साधारण पाच आठवड्यांनी. पुण्याचं सफरचंद, विमानतळाची परवानगी, सायप्रसचा दौरा हे सगळं मिळून भारत एकच सांगत होता: चटका आमच्याकडूनही बसू शकतो. आणि युक्रेनच्या युद्धात आपण काय केलं ते आठवा. रशियाचं तेल घेतलं, युक्रेनला औषधं पाठवली, संयुक्त राष्ट्रांत बहुतेक वेळा तटस्थ राहिलो. आपण केलं की धोरण आणि त्यांनी केलं की लबाडी, असं म्हणून अभ्यास होत नाही. राग यायला हरकत नाही, मलाही आला. पहलगाममध्ये गेलेल्या 26 जणांत सहा आपल्या महाराष्ट्रातले होते. पण राग आला म्हणून कारण बदलत नाही.

आणि धर्माचं काय?

"मुसलमान देश म्हणून ते पाकिस्तानचे." सोपं उत्तर. त्याची तपासणी आपल्याच जिल्ह्यात करता येते.

पहिल्या महायुद्धानंतर उस्मानी खलिफा टिकावा म्हणून भारतात खिलाफत चळवळ झाली, गांधीजींनी तिला साथ दिली. नोव्हेंबर 1923 मध्ये आगाखान आणि अमीर अली यांनी इनोनूंना पत्र लिहून खलिफाचा मान राखायची विनंती केली. अंकाराला हा परक्यांचा हस्तक्षेप वाटला. उलटाच परिणाम झाला. 3 मार्च 1924 रोजी तिथल्या संसदेने खलिफापदच रद्द केलं आणि शेवटचे खलिफा दुसरे अब्दुलमजीद यांना देशाबाहेर काढलं. भारतातल्या मुसलमानांनी ज्यासाठी तुरुंग भोगला, ते तुर्कांनी स्वतःच मोडून टाकलं.

त्या खलिफांना तनखा सुरू केला तो आपल्या निजामाने. तेव्हा पाचोडही निजामाच्याच राज्यात होतं. 1931 मध्ये फ्रान्समधल्या नीसला खलिफांची मुलगी दुर्रुशेहवार निजामाच्या थोरल्या मुलाची बायको झाली. खलिफांसाठी निजामाने खुलताबाद परिसरात कबरही बांधून घेतली. पण 23 ऑगस्ट 1944 रोजी, युद्ध चालू असतानाच, ते पॅरिसमध्ये वारले. मुलीने इस्तंबूलला दफनाची परवानगी मागितली. तारेवर चालणाऱ्या इनोनू सरकारने नकार दिला. मृतदेह दहा वर्षं पॅरिसच्या मशिदीत राहिला आणि 1954 मध्ये मदिनेला दफन झाला. तोवर निजामाचं राज्यही उरलं नव्हतं. खुलताबादची कबर रिकामीच राहिली.

धर्माच्या नात्यावर तुर्कस्तान चालत असतं, तर त्यांनी आपल्या शेवटच्या खलिफाला मातीपुरती जागा नाकारली नसती. आज एर्दोआन धर्माची भाषा वापरतात, काश्मीरचा विषय 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांत काढतात, हे खरं. पण 2024 च्या भाषणात त्यांनी काश्मीरचं नाव घेतलं नाही, आणि 2025 मध्ये पुन्हा घेतलं. धर्म तोच होता. हिशेब बदलला होता.

जिथे माझा अंदाज चुकतो

आता लपवायची नाही म्हटलेली जागा. मे 2024 मध्ये गाझाच्या युद्धावरून तुर्कस्तानने इस्रायलशी सगळा व्यापार थांबवला. तो व्यापार मोठा होता आणि नुकसान त्यांच्याच कारखानदारांचं. नुसत्या बाहेरच्या चटक्याच्या हिशेबाने हे बसत नाही. मार्चमधल्या स्थानिक निवडणुकांत सत्ताधारी पक्षाने मार खाल्ला होता, आणि लोक रस्त्यावर विचारत होते, की बोलता एक आणि विकता एक, हे कसं? म्हणजे चटका घरातूनही बसतो. मतदाराचा. माझ्या प्रबंधात हा तिसरा चटका कसा मोजायचा, यावर सध्या मार्गदर्शकांबरोबर झटापट चालू आहे. जमलं की लिहीनच.

तर काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: तुर्की कुणाचीच नाही. ती तिच्या फटीची, तिच्या गॅसच्या बिलाची आणि तिच्या पुढच्या निवडणुकीची आहे. "ती कुणाच्या बाजूने?" असं विचारण्यापेक्षा "तिला या वेळी कुणाकुणाचा चटका बसू शकतो?" असं विचारा. पुढचं युद्ध कुठेही होवो, अर्धं उत्तर तिथेच मिळेल.

आणि त्या पोराला एवढंच सांगायचं आहे. सरकारला सरकारचा जाब विचार, व्यापाऱ्याने कुणाचा माल घ्यायचा ते तो ठरवील. पण ती "तुमची तुर्की" चाचांची कधीच नव्हती. शंभर वर्षांपूर्वी तिने स्वतःच तसं कळवलं होतं, आणि पुरावा खुलताबादला आहे, एसटीने दिवसभरात जाऊन येता येईल. परक्या देशाच्या हिशेबाचं बिल आपल्या शेजाऱ्याच्या हातगाडीवर फाडायचं नसतं. 1942 मध्ये इस्तंबूलने ते आपल्या शेजाऱ्यांवर फाडलं, आणि ते दिवस आठवून तिथल्या लोकांना आजही मान खाली घालावी लागते.

मागच्या महिन्यात घरी गेले तेव्हा चाचांकडून मोसंबी घेतली. आपल्या पाचोडचीच. भाव विचारला तर म्हणाले, "तुझ्यासाठी कमी लावतो, पण आधी सांग, परीक्षा कधी संपणार तुझी?"

चाचा, ते मात्र मलाही सांगता येत नाही.

प्रश्न असतील तर जरूर विचारा. पुढच्या वेळी माँट्रो कराराची कलमं नकाशासह समजून घेऊ.